बोलणं बंद, लोकर चालू

सोमवार, ९ मार्च

श्रीमती टाचणीबाई यांस,

गुरुवार, ५ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तू माझ्या हॉस्पिटलात फोन केलास, ‘मी त्यांची सख्खी बहीण’ असं सांगितलंस आणि माझी चुगली केलीस. वेळेबद्दल वाद नको, नर्सकडून मी खात्री करून घेतली आहे. विमा कंपनीच्या तक्रार विभागात माझी उभी हयात गेली. तारीख-वेळ नसलेला अर्ज मी कुणाचा घेतला नाही, मग स्वतःचा तसा कसा देईन?

आता पुढचं ऐक. फोन ठेवून तू मोकळी झालीस, निस्तरलं मी.

मी खुर्चीत बसले होते. औषध देतात त्या हॉलमध्ये मागे रेलणाऱ्या खुर्च्या आहेत, केस कापायच्या दुकानात असतात तशा. फरक एवढाच की इथे केस आधीच गेलेले असतात. शेजारच्या खुर्चीत नेहमीची बसवाली होती. आयुष्यभर शहराची बस चालवलेली बाई, आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. नर्सने गरम पाण्याची पिशवी ठेवून माझी शीर वर आणली होती, सुई हातात घेतली होती, आणि डॉक्टरबाई आल्या.

“थांब जरा,” त्या नर्सला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “कशा आहात?”

“ठीक आहे. तुम्ही?”

“बोटं कशी आहेत?”

“दहा आहेत.”

बसवाली खिंकाळली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी एप्रनच्या खिशातून शर्टाचं एक बटण काढलं. “डोळे मिटा. हे मी तुमच्या चिमटीत देते. पडलं की सांगा.”

मी डोळे मिटले आणि चिमूट घट्ट धरून बसले. बराच वेळ. शेवटी मी म्हणाले, “झालं की नाही समाधान? पडलं नाही.”

डोळे उघडले तर बटण बसवालीच्या चपलेपाशी पडलं होतं.

“आजी,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे कधीपासून आहे?”

“मी तुमची आजी नाही.”

त्या दिवशी मला औषध मिळालं नाही. नर्सने सुई परत पाकिटात ठेवली, आणि भरल्या हॉलमधून मी तशीच घरी आले, परीक्षेला बसू न दिलेल्या मुलीसारखी.

तुला माहीत नाही म्हणून सांगते; माहीत नसताना फोन करतात ते हे असं. पहिलं औषध लालबाई. रंगाने सरबतासारखी लाल, पण तिने माझे केस नेले, जेवण नेलं आणि गाठ मात्र होती तिथेच ठेवली. मग दुसरं आणलं, तिचं नाव मुंग्यावाली. पाण्यासारखी दिसते, उलटी नाही, मळमळ नाही. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग तळव्यांना, आणि नंतर मुंग्याही निघून गेल्या. पण गाठ! लिंबाएवढी होती ती वाटाण्याएवढी झाली. तपासणीचा फोटो मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. आता तू सांग, असं औषध चालू असताना कुठली शहाणी बाई डॉक्टरकडे जाऊन ‘मला मुंग्या येतात’ म्हणेल? म्हटलं की बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नर्स दर खेपेला विचारायची, “शर्टाची बटणं लावता येतात ना?” मी म्हणायची, “बटणांचा काही त्रास नाही.” यात खोटं काही नव्हतं. बटणं मी कधीच काढून टिचबटणं लावली होती, आणि तीही दाबता येईनात तेव्हा डोक्यावरून घालायचे सदरे आणले. बटणंच नाहीत, तर त्रास कसला?

तू हे ओळखलंस ते भाचीच्या बाळासाठी मी विणलेल्या जाकिटावरून. भाचीने फोनवर बडबडत सगळं सांगितलं. तू म्हणे ते हातात घेतलंस, उलटं केलंस, खिडकीपाशी नेलंस आणि खाली बसलीस. पाठीवर एक टाका गळालेला. मागून मी तो शिवणाच्या दोऱ्याने पकडून ठेवला होता. सुलट बाजूने डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी कुणाला दिसला नसता. पण आपल्याला विणकाम शिकवलं शाळेतल्या मदरने, आणि मदर कापड कधी सुलट बाजूने बघायचीच नाही. “पुढची बाजू पाहुण्यांसाठी, मागची माझ्यासाठी,” आठवतं? अख्ख्या जगात माझं विणकाम उलटं करून बघणारी एकच बाई उरली आहे, आणि तिच्याच घरी मी ते पाठवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. सात वर्षांपूर्वी माझ्या निरोपसमारंभात माइक हातात घेऊन तू म्हणालीस, “आमची ताई म्हणजे तिच्याच ऑफिसची खिडकी. जगाच्या तक्रारी आत येतात, तिची एक बाहेर येत नाही. तिला कुणाची गरजच लागत नाही.” सगळं ऑफिस हसलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद आहे आणि लोकर चालू आहे. बाळं काय, आपण भांडतो म्हणून थंडीत उघडी राहणार नाहीत. पण लोकर पाठवते याचा अर्थ माझ्या औषधात तोंड घालायचा परवाना दिला असा होत नाही.

लेखी खुलासा शुक्रवार, २० मार्चपर्यंत मिळावा.

— तुझी थोरली बहीण (हे आता हॉस्पिटलच्या दप्तरीही आहे, तुझ्या कृपेने)


शनिवार, २१ मार्च

टाचणीबाई,

मुदत काल संपली. खुलासा आला नाही. आलं ते पार्सल, आणि त्यात माझंच जाकीट. उलटं करून घडी घातलेलं, गळालेल्या टाक्याच्या जागी सेफ्टीपिन लावलेली. सोबत दोन अक्षरंसुद्धा नाहीत. मदर असंच करायची. ओरडायची नाही, फक्त पिन लावून परत द्यायची, की मुलीने सगळं उसवून पुन्हा करायचं. तुझं वय काय, माझं वय काय, आणि तू मला गृहपाठ परत पाठवतेस?

मी तुला काही सांगणार नव्हते. पण तू नर्सला फोन करून विचारशील आणि ती तिच्या भाषेत काहीतरी अर्धवट सांगेल, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐक.

बुधवारी डॉक्टरबाईंनी खोलीत बोलावलं. खोली इवलीशी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि रुमालांचा खोका. तो खोका पाहुण्याच्या बाजूला ठेवलेला असतो. मी तो उचलून त्यांच्या बाजूला ठेवला.

“मला का सांगितलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही ‘कशा आहात’ विचारलंत. ‘कशा आहात’ला ‘ठीक आहे’ म्हणतात. आम्हाला शाळेत तसंच शिकवलंय. रोज सकाळी रांगेत उभं राहून म्हणायचो, ताप असला तरी.”

“इथे तुम्ही चहाला आलेल्या नाहीत.”

“ते कळतंय. चहा चांगला असता तर दिला असता.”

मग त्या गप्प बसल्या आणि मीही गप्प बसले. मला गप्प बसण्यात कुणी हरवलेलं नाही, पण त्या बऱ्यापैकी होत्या. शेवटी मीच म्हणाले, “ते औषध लागू पडत होतं. तुम्ही बंद कराल म्हणून नाही सांगितलं.”

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, बधिरपणा लवकर कळला असता तर मुंग्यावालीचा डोस कमी करता आला असता, अधेमधे विश्रांती देता आली असती. कदाचित बदलावंच लागलं नसतं. लपवत राहिल्यामुळे ती वाट आता बंद झाली. आणखी दिलं तर बोटं कायमची जातील, मग चालताना जमीनही कळणार नाही. आताची बोटंसुद्धा परत येतील की नाही हे त्या छातीठोकपणे सांगत नाहीत. काही महिन्यांत बरीच येतात, कुणाची थोडी राहतात.

याचा अर्थ तू बरोबर होतीस असा नाही. डॉक्टरबाई बरोबर होत्या. दोन्हींत फरक आहे.

तर आता तिसरं. मुंग्यावालीच्याच घराण्यातलं, पण बोटांना कमी छळतं म्हणतात. त्याऐवजी पाय सुजतात, नखं काळवंडतात, तोंड सोलतं, डोळ्यांतून पाणी गळतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. मी विचारलं, “म्हणजे आगीतून फुफाट्यात?” त्या म्हणाल्या, “फुफाट्यातून बाहेर काढता येतं.” उत्तर वाईट नव्हतं. गाठीला हे तिसरं लागू पडेल का, असंही विचारलं. “आशा आहे,” म्हणाल्या. माझ्या टेबलावर कुणी ‘आशा आहे’ असं लेखी दिलं असतं, तर मी तो कागद परत पाठवला असता.

पहिला डोस २६ मार्चला.

हॉलबाहेर बसवाली भेटली. तिला म्हटलं, औषध बदललं. ती म्हणाली, “बदलू दे की! चढावर गिअर टाकावाच लागतो. गाडी मागे चाललीय असं थोडंच आहे?” मी म्हटलं, गाडी माझी आहे, मला विचारून टाकावा. तर म्हणते, “ताई, तुम्ही तर इंजिन धूर ओकत असताना खिडकीला पडदा लावून बसला होता.” या बाईला माझं काय काय माहीत आहे कोण जाणे. तुझाच फोन त्या दिवशी स्पीकरवर असणार.

परवा किटली उतरवली. थोड्या वेळाने पाहिलं तर तळहातावर रुपयाएवढा फोड. कधी पोळलं ते कळलंच नाही. मी त्या फोडाकडे बघत उभी राहिले. पोळल्याचं काही नाही, टाचणे. पोळलं आणि कळलं नाही, ते जास्त लागलं. आपलाच हात, आणि आपल्याला बातमी देत नाही. माझ्यासारखाच झाला की तो.

असो. जाकीट सेफ्टीपिनपर्यंत उसवलं आहे. लोकर बोटांना लागत नाही म्हणून प्रत्येक टाका डोळ्यांनी बघून घालते. सुलट, उलट, थांब, बघ. पहिल्या इयत्तेत घालायचे तशी विणते आहे. बाळ जाकिटात मावेनासं होईल तोवर होईल पूर्ण.

तुझ्या खुलाशाला मुदतवाढ दिली आहे. ही सवलत आहे, हक्क नव्हे.

— ताई


सोमवार, ३० मार्च

टाचणे,

शनिवारी तू दोनदा फोन केलास. मी उचलला नाही. बोलणं बंद आहे, विसरलीस का?

आज थर्मामीटर मिळालं, आकडा मोठ्याने बोलून दाखवणारं. चिठ्ठीही मिळाली, ‘ताप आला तर लगेच फोन कर.’ सात वर्षांत तुझी ही पहिली ओळ, आणि तीही आज्ञार्थी! थर्मामीटर माझ्याकडे होतं. ते बोटांतून निसटून फुटलं, ही बातमी तुला भाचीने दिली असणार. तुमच्या घरात टाके लोकरीला घालण्यापेक्षा तोंडांना घाला.

तिसरीचं नाव रडूबाई ठेवलं आहे. ती देताना हातांना बर्फाचे मोजे घालतात, नखं वाचावीत म्हणून. सगळ्यांचे हात गोठतात, लोक कण्हतात, शिव्या देतात. मी आरामात बसले होते. बसवाली म्हणाली, “बघा, मुंग्यावालीचा काहीतरी उपयोग झाला!” मला इतकं हसू आलं की नर्स धावत आली.

आधीच्या दिवशी आणि नंतर गोळ्या घ्यायच्या असतात, अंगावर उठू नये म्हणून. त्या घेतल्या की झोप उडते आणि अंगात वारं शिरतं. मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले, पडदे धुतले आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना त्यांच्या गळक्या नळाबद्दल चार शब्द सुनावले. गोळ्या संपल्या आणि मी भिजलेल्या गोणपाटासारखी कोसळले. पाय सुजून चपलेत जात नाहीत. जिभेला चमचा चाटल्याची चव आहे, पाव खा नाहीतर पेरू खा. हाडं दुखतात. डोळ्यांतून सारखं पाणी येतं, कांदा चिरल्यासारखं, पण कांदा नाही. या कागदावर दोन-तीन ठिकाणी शाई फुटली आहे. तो औषधाचा परिणाम आहे, त्याचा दुसरा अर्थ काढून भाचीला सांगत बसू नकोस.

नर्सने पुन्हा पुन्हा बजावलं आहे. आठवड्याने पेशी तळाला जातील, तेव्हा ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, कोणत्याही वेळी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करायचा. थंडी वाजली तरी, नुसतं अंग मोडून आलं तरी. “तुम्हाला वाटेल की काही नाही. तरी करा,” म्हणाली. तिने मला नीट ओळखलं आहे असं दिसतं.

जाकिटाची पाठ झाली. एक बाही निम्मी.

उंटावरून शेळ्या हाकणं बंद कर.

— ताई


बुधवार, ८ एप्रिल
हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट

टाचणे,

हे पत्र आडवं पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. मदर असती तर पिन लावून परत दिलं असतं.

भाचीने तुला काय काय सांगितलं असेल त्याची मला कल्पना आहे. त्यातलं निम्मं मीच तिला सांगितलेलं नाही. खरं ते हे.

गुरुवारी दुपारी थंडी वाजायला लागली. मी शाल घेतली. मग दुसरी घेतली. मग बाही विणायला बसले. म्हटलं, वारा सुटलाय. झाडाकडे बघितलं तर पान हलत नव्हतं. तुझं थर्मामीटर लावलं. त्या यंत्राचा आवाज तुझ्यासारखा आहे, हे मुद्दाम निवडलंस का? अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालं, अडतीस पूर्णांक सहा. आपल्या जुन्या मापाने एकशे एकच्या वर.

मी ते बंद केलं. पाणी प्यायले. पुन्हा लावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, तसूभर न ढळता.

मग मी काय केलं असेल? पलंगाची चादर बदलली. ताप अंगात आणि मी चादरीचे कोपरे दुमडते आहे. म्हटलं, संध्याकाळी बघू. एवढ्याशा तापासाठी त्या बिचाऱ्या नर्सला कशाला त्रास! त्यांच्याकडे खरोखरची आजारी माणसं असतात. खोटं नाही सांगत, हेच शब्द मनात आले. खरोखरची आजारी माणसं. आरशात बघितलं तर डोक्यावर एक केस नाही, गाल लाल आणि डोळ्यांतून धारा, आणि ही बाई म्हणते आहे खरोखरची आजारी माणसं.

तेव्हा फोन लावला. आकडे दाबताना बोटं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा डोळ्यांनी बघून एकेक दाबला. उचलला आमच्याच नर्सने. नाव सांगितलं. ती म्हणाली, “हां ताई, बोला! कशा आहात?”

आणि मी म्हणाले, “ठीक आहे. तुम्ही?”

हसू नकोस. म्हणजे हस, पण मग पुढचं वाच.

ती म्हणाली, “मीही ठीक. काही काम होतं का?” आणि मी, टाचणे, मी म्हणाले, “नाही, सहज.” दात वाजत होते आणि मी म्हणाले, सहज! एवढी वर्षं रांगेत उभं राहून म्हटलेलं असं जिभेवर बसलं आहे की ते काढायला मला जीभच उचकटावी लागली असती. पलीकडे दुसरा फोन वाजायला लागला. “बरं मग, ठेवू?” ती म्हणाली.

ती ठेवणार होती. माझी खिडकी बंद होणार होती, आणि या वेळी ती मी बंद करत नव्हते, आपोआप बंद होत होती. इतकी घाबरले नव्हते मी लालबाईलासुद्धा.

मग तोंडातून काय निघालं माहीत आहे? ऑफिसचं वाक्य. समोरच्या बाजूचं. उभ्या हयातीत मी ते दुसऱ्यांकडून ऐकलं होतं, स्वतः कधी म्हटलं नव्हतं.

“मला एक तक्रार नोंदवायची आहे.”

“कशाबद्दल?” नर्स म्हणाली. आवाज लगेच सावध. तक्रार म्हटलं की सगळ्यांचा होतो.

“माझ्याबद्दल. मला ताप आहे. दुपारपासून. अडतीस सहा. थंडी वाजते आहे. मी एकटी आहे. आणि मला,” इथे थोडा वेळ गेला, “मला बरं वाटत नाहीये.”

“जिथे आहात तिथेच बसा,” ती म्हणाली. “दार उघडं ठेवा. गाडी पाठवते. फोन ठेवू नका, माझ्याशी बोलत राहा.”

“काय बोलू?”

“तक्रारच करा. आणखी काय काय होतंय?”

आणि मी सुरू झाले! पाय, नखं, जीभ, हाडं, बोटं, किटलीचा फोड, मास्तरांचा नळ, हॉलमधला चहा, सगळं. गाडी येईपर्यंत संपलं नव्हतं. गाडीतल्या माणसाने स्ट्रेचर उघडला तेव्हा मी फोनवर सांगत होते की माझ्या धाकट्या बहिणीने मला न विचारता हॉस्पिटलात फोन केला. नर्स म्हणाली, “बरं झालं ना पण, ताई.” मी म्हटलं, “ते तिला सांगू नका.”

पेशी तळाला गेल्या होत्या आणि कुठून तरी जंतू शिरला होता. शिरेतून औषधं दिली. डॉक्टरबाई रात्री साध्या कपड्यांत आल्या होत्या. म्हणाल्या, सकाळपर्यंत थांबला असतात तर वेगळं बोलत असतो आपण. मी म्हटलं, मी तर बोलतच नसते. यावर त्या हसल्या, पहिल्यांदा. आता ताप गेला आहे आणि दोन दिवसांत घरी सोडतील.

आणखी एक. डॉक्टरबाईंनी काखेत चाचपून पाहिलं. तपासणीचा फोटो पुढच्या महिन्यात, पण गाठ वाढलेली नाही, उलट हाताला लागायला कष्ट पडले म्हणाल्या. आशा आहे, असंही म्हणाल्या. हा कागद मी परत केला नाही.

आता कामाचं.

रडूबाईचा दुसरा डोस एक आठवडा पुढे ढकलून गुरुवार, २३ एप्रिलला ठरला आहे. मात्रा थोडी कमी करणार, आणि दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन देणार. पण या खेपेला डॉक्टरबाईंची अट आहे. डोसनंतरचे पंधरा दिवस घरात सोबतीला माणूस हवं. जे विचारेल “कशी आहेस?” आणि “ठीक आहे” ऐकून उठून जाणार नाही. हे शब्द त्यांचे आहेत, माझे नव्हेत. नर्सने विचारलं, कुणाचं नाव लिहू? बसवाली शेजारच्या खाटेला टेकून माझ्याच वाटणीची जेली खात होती. ती म्हणाली, “त्या फोनवाल्या बहिणीचं लिहा की! त्या लांबून एवढं ओळखतात, जवळून काय करतील!”

मी लिहायला सांगितलं. तुला न विचारता. बुधवार, ८ एप्रिल, सकाळी साडेअकरा वाजता मी तुझं नाव, तुझा फोन नंबर आणि ‘नातं: सख्खी बहीण’ असं परस्पर नोंदवलं आहे. तू माझ्या नावाने फोन केलास, मी तुझ्या नावाने सोबत कबूल केली. तक्रार करायची असेल तर कर. तारीख-वेळ दिली आहे.

तुला त्रास होईल हे मला माहीत आहे. मी चांगली रुग्ण नाही. सकाळी माझ्याशी बोलायचं नाही, चहा माझ्या पद्धतीने करायचा, आणि डोळ्यांना पाणी आलं तर बघितलं न बघितलं करायचं. पण किटली तू उतरवायची. आणि जाकिटाची दुसरी बाही अजून सुईवर चढवलेली नाही. ती मला जमणार नाही असं नव्हे. तुझा टाका आणि माझा टाका मदरने एकाच मापाचा घालायला शिकवला आहे, म्हणून जोड दिसणार नाही. उलट बाजूनेसुद्धा.

माइकवर तू जे म्हणालीस त्यातलं शेवटचं वाक्य चूक होतं. ते दुरुस्त करावं, ही माझी मूळ तक्रार होती, सात वर्षांपासूनची. मी ती कधी नोंदवली नव्हती. आता नोंदवली.

भाची म्हणते की तूही डावा गुडघा धरून जिने चढतेस, आणि विचारलं की “मला काय धाड भरलीय!” म्हणतेस. हे तुझ्या बाबतीत आम्हाला चालणार नाही. येताना डॉक्टरचे कागद घेऊन ये, नसतील तर काढून ये.

तरी पुढील दोन प्रश्नांची उत्तरं सोमवार, २० एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात लेखी पोचली पाहिजेत. पहिला, तू कधी पोचतेस. दुसरा, तू कशी आहेस.

‘ठीक आहे’ असं उत्तर आल्यास ते ग्राह्य धरलं जाणार नाही.

— तुझी ताई